शॉर्ट-अ‍ॅक्शन रायफलने मोठी शिकार: या चुका टाळा

शॉर्ट-अ‍ॅक्शन रायफल म्हणजे आखूड काडतुसांसाठी बनवलेली रायफल. आखूड काडतूस म्हणजे ताकद कमी, या समजुतीपायी अनेक जण गरज नसताना मॅग्नम (जास्त दारूचं, जोरदार काडतूस) घेतात आणि धक्क्याच्या धास्तीने नेम बिघडवून बसतात. १९५२ साली आलेलं .३०८ विंचेस्टर हे आखूड काडतूस .३०-०६ या लांब काडतुसापेक्षा जेमतेम अर्धा इंच आखूड आहे. १८० ग्रेनची गोळी (ग्रेन हे वजनाचं माप, साधारण १५ ग्रेनचा एक ग्रॅम) ते सेकंदाला साधारण २६२० फूट वेगाने सोडतं, .३०-०६ साधारण २७००. एवढ्या फरकाने एल्क (हरणाच्या कुळातलं मोठं जनावर) हातचा जात नाही. (भारतात शिकारीला बंदी आहे, हे सारं उत्तर अमेरिकेत परवाना काढून शिकार करणाऱ्यांसाठी.)

घोळ होतो तो गोळी निवडताना. कोलोरॅडोत एल्कसाठी किमान ८५ ग्रेनची, लागल्यावर फुलणारी गोळी लागते, म्हणजे .२४३ विंचेस्टरची १०० ग्रेनची गोळी नियमात बसते. पण खांद्याच्या हाडावर लागली तर ती फुप्फुसापर्यंत पोचेलच याचा भरवसा नाही. एल्कसाठी ७ एमएम-०८ या आखूड काडतुसात १४० ग्रेन, .३०८ मध्ये १६५ किंवा १८० ग्रेन घ्या, आणि गोळी बॉंडेड (आतलं शिसं कवचाला घट्ट जोडलेली) किंवा अखंड तांब्याची हवी. हरणासाठीची पातळ कवचाची गोळी हाडावर फुटून वरच्यावर विखुरते, जनावर जखमी होऊन निसटतं.

कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी चालत नाही. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, आणि लांब गोळीला नळीत घट्ट पीळ (गोळीला फिरवणाऱ्या आतल्या खाचांचा वळसा) लागतो. .२४४ रेमिंग्टनचं हेच झालं. १९५५ साली ते १२ इंचांत एक फेरा अशा सैल पिळाने आलं, १०० ग्रेनच्या गोळ्या त्यात स्थिर राहिनात. शेवटी १९६३ मध्ये ९ इंचांचा पीळ देऊन ६ एमएम रेमिंग्टन या नावाने ते पुन्हा आणावं लागलं. तुमच्या रायफलचं काय, ते १०० यार्डांवर लावलेला निशाणाचा कागद सांगतो. भोक गोल असेल तर ठीक. एका बाजूला ओढल्यासारखं लांबट असेल तर गोळी हवेत डुलतेय. १५-२० ग्रेन हलकी गोळी लावून बघा.

काडतुसांच्या डब्यावर छापलेला वेग बहुधा २४ इंची नळीचा असतो. नळी इंचाने कमी झाली की सेकंदाला साधारण २०-३० फूट वेग जातो. १६ इंची .३०८ मधून सुटलेल्या तांब्याच्या १५० ग्रेनच्या गोळीचा वेग सुमारे ३०० यार्डांवर सेकंदाला २००० फुटांपर्यंत उतरतो. त्याखाली बऱ्याच तांब्याच्या गोळ्या नीट फुलत नाहीत.

दुसरं काडतूस वर येत नसेल तर आधी हाताची सवय पाहा. बोल्ट (काडतूस आत ढकलणारा सरकता दांडा) मागे टेकेपर्यंत न ओढता पुढे ढकलला की तो रिकामाच बंद होतो. .३०० डब्ल्यूएसएमची (विंचेस्टर शॉर्ट मॅग्नम) जाड काडतुसं तिरकी अडकतात, म्हणून घरच्या घरी डमी (दारू नसलेली) काडतुसं भरून सगळं मॅगझिन चालवून पाहा.

सगळ्यात धोक्याची चूक खिशात होते. .२४३, ७ एमएम-०८ आणि .३०८ ची बुडं सारखीच. ७ एमएम-०८ हे .३०८ च्या चेंबरमध्ये (नळीत काडतूस बसतं ती जागा) बसतं आणि उडतंही, पण गोळी नळीत सैल जाते. .३०-०६ च्या चेंबरमध्ये .३०८ गेलं तर काडतुसाच्या खांद्याला (ते गोळीकडे निमुळतं होतं तो भाग) पुढे आधारच मिळत नाही, पितळ फाटून गरम वायू मागे येऊ शकतो. भरताना प्रत्येक काडतुसाच्या बुडावरची अक्षरं नळीवरच्या अक्षरांशी जुळवा, आणि दोन रायफलींची काडतुसं एका जॅकेटात ठेवू नका.