रेडिएटरला वारा मिळवून द्या: ट्रॅकच्या गाडीसाठी घरच्या घरी एअर डक्ट

"साहेब, इंजिनखालचं पॅनल काढून टाका, भरपूर वारा लागेल." मेकॅनिकने सांगितलं, मी ऐकलं. पुढच्या सरावाला माझ्या जुन्या मारुती एस्टीमचा तापमानाचा काटा आधीपेक्षा लवकर चढला. चूक त्याची नव्हे, माझी. वारा कुठून येतो हे पाहिलं, कुठून बाहेर जातो हे पाहिलंच नव्हतं.

वारा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जातो आणि वाटेत अडचण दिसली की बगल देतो. रेडिएटरच्या दाट फिन्समधून, म्हणजे पातळ पत्र्यांच्या पात्यांमधून, घुसण्यापेक्षा बाजूच्या दोन बोटांच्या फटीतून निसटणं त्याला सोपं. खालचं पॅनल काढल्यावर गाडीखालचा वारा इंजिनच्या खोलीत शिरतो, रेडिएटरमागचा दाब वाढतो आणि पुढून येणाऱ्या वाऱ्याला आत ओढायला काही उरत नाही. डक्ट म्हणजे एवढंच: समोरून आलेला वारा कोअरमधूनच (रेडिएटरच्या फिन्सच्या मधल्या भागातूनच) गेला पाहिजे आणि गेल्यावर त्याला बाहेर पडता आलं पाहिजे.

आमच्या नाशिकची परंपरा रॅलीची, मातीतली. डांबरी ट्रॅकवर गाडी पळवायची तर चेन्नई किंवा कोईमतूर गाठायचं, हजारावर किलोमीटर गाडी लादून. तिथे जाऊन पहिल्याच सेशनला वाफ काढत बसायचं नसेल, तर ही खटपट घरीच उरकलेली बरी.

आधी हे बघून घ्या

डक्ट हे आजारी कूलिंगवरचं औषध नाही. थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप), वॉटर पंप, होज (पाण्याच्या रबरी नळ्या) ठीक आहेत ना ते बघा. रेडिएटरचं झाकण जुनं असेल तर नवीन घ्या, शंभर-दोनशे रुपयांत मोठं काम होतं. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच, इथे उघड्या भांड्यातलं पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं. 0.9 बार दाब धरून ठेवणारं झाकण तोच आकडा 118 पर्यंत नेतं. झाकणाची स्प्रिंग ढिली असेल तर ही वीस अंशांची उशी फुकट गेली. इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय झाकणाला हात लावू नका.

मातीत पळालेल्या गाडीच्या फिन्समध्ये चिखल वाळून बसलेला असतो. इंजिनच्या बाजूने पुढे, साध्या नळाच्या धारेने धुवा. प्रेशर वॉशर जवळून मारला की फिन्स आडव्या होतात. डॅशबोर्डच्या काट्यावरही विसंबू नका, तो बराच वेळ मध्यावर झोपलेला असतो. वरच्या होजमध्ये अ‍ॅडॅप्टर घालून आकडे दाखवणारा गेज लावा.

गवंड्याची पाईप आणि नीळ

हा भाग मला सगळ्यात आवडतो. गवंडी लेव्हल घ्यायला वापरतात ती पारदर्शक पाईप सहा-सात मीटर घ्या. मधला भाग इंग्रजी यू सारखा वाकवून फळीवर बसवा, त्यात कपड्यांची नीळ घातलेलं पाणी अर्ध्यापर्यंत भरा आणि शेजारी शाळेची पट्टी चिकटवा. एक टोक रेडिएटरच्या पुढे, दुसरं कोअर आणि फॅनच्या मध्ये झिप टायने बांधा. टोकाचं तोंड वाऱ्याला आडवं ठेवा, वारा थेट आत फुंकला जाता कामा नये. फळी डॅशबोर्डवर गाडीच्या रुंदीला समांतर लावा, म्हणजे वेग वाढवताना पाणी हलणार नाही.

आता बंदिस्त, मोकळ्या जागेत सरळ रेषेत 80 च्या वेगाने जा. बाजूला बसलेल्याने दोन्ही पातळ्यांतला फरक वाचायचा, चालवणाऱ्याने नाही. या वेगाला समोरच्या वाऱ्याचा सगळा जोर जेमतेम 27-28 मिलिमीटर पाण्याएवढा असतो. त्यातला किती कोअरच्या दोन बाजूंत उरतो, ते पाईप सांगते. माझा पहिल्या दिवशीचा फरक नखाएवढा होता. फटी बुजवल्यावर तो बोटाच्या पेराएवढा झाला, तेव्हा अजून पत्र्याला हातही लावला नव्हता.

फटी बुजवा

रात्री बॉनेट उघडा, रेडिएटरच्या मागे टॉर्च धरा आणि पुढून बघा. कोअर सोडून जिथून उजेड दिसतो तिथून वारा पळतो. वरच्या पट्टीखाली, दोन्ही बाजूंना, एसी कंडेन्सर असेल तर तो आणि रेडिएटर यांच्यामध्येही. दरवाजाची रबर बिडिंग आणि दाट फोम यांनी हे बंद करा. डक्ट करायला वेळ नसेल तर निदान एवढं तरी कराच.

पुठ्ठा, मग पत्रा

साचा पुठ्ठ्याचा. आपल्याकडे द्राक्षाच्या पेट्यांची कमी नाही आणि तो पुठ्ठा ताठ असतो. बंपरच्या तोंडापासून कोअरच्या चार कडांपर्यंत चार भिंती कापा, टेपने जोडा, बंपर लावून-काढून बघा. दोन-तीनदा चुकेल, चुकू द्या.

तोंड किती मोठं ठेवायचं? कोअरच्या क्षेत्रफळाच्या एक तृतीयांशापासून सुरुवात करा. कोअर 60 बाय 35 सेंटिमीटर असेल तर 2,100 चौरस सेंटिमीटर, म्हणजे तोंड साधारण 700, समजा 50 बाय 14. लहान तोंडातून शिरलेला वारा पुढे रुंद होताना मंदावतो, दाब वाढतो आणि कोअरभर पसरतो. बंपर आणि रेडिएटरमध्ये जागा कमी असल्याने भिंती एकदम उघडाव्या लागतात, तरी बिघडत नाही. गळती नसलेली साधी पेटी सुबक पण फटीच्या डक्टपेक्षा बरी.

साचा जमला की 0.8 ते 1 मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनियम पत्रा घ्या. सरळ घड्या घरी दोन लाकडी पट्ट्यांत दाबून पडतात. लांब घडी असेल तर अंबड किंवा सातपूरच्या एमआयडीसीत शीट मेटलवाल्याकडे बेंडिंग मशीनवर मारून घ्या. 4 मिलिमीटरचे पॉप रिव्हेट, दर पाच सेंटिमीटरला एक. तोंडाच्या काठावर जुनी बागेची पाईप लांबीत चिरून चढवा. गोल काठावरून वारा फाटत नाही आणि बोटंही कापत नाहीत.

डक्ट रेडिएटरला रिव्हेट करू नका. रेडिएटर रबरी बुशवर हलतो. बॉडीला बांधा आणि कोअरपाशी पाच मिलिमीटर जागा सोडून फोमने भरा. ड्रिल कोअरच्या दिशेने कधीही चालवू नका. मी मध्ये प्लायचा तुकडा धरला होता, आणि ड्रिल एकदा त्यात घुसलंही.

बाहेरची वाट

खालचं पॅनल परत बसवा. बॉनेटला भोकं पाडायची तर पुढच्या अर्ध्यात, रेडिएटरच्या जरा मागे, तिथे दाब कमी असतो. बिजागरीखाली वॉशर घालून बॉनेटची मागची कड उचलायची फॅशन आहे. काचेच्या पायथ्याशी दाब जास्त असतो, वेगात वारा तिथून उलट आत येतो. रस्त्यावरच्या गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चं बंधन आहे, तेव्हा ही कापाकापी फक्त ट्रॅकच्या गाडीवर.

फॅनच्या काउलिंगने (फॅनभोवतीच्या आवरणाने) कोअरचे कोपरे झाकले असतील तर तिथे चौकोनी खिडक्या कापा आणि मागून टायरच्या ट्यूबचे तुकडे वरच्या कडेने रिव्हेट करा. वेगात ते उघडतात, फॅन सुरू झाला की ओढीने मिटतात.

पडताळणी

आधीचे आणि नंतरचे आकडे लिहून ठेवा आणि सोबत हवेचं तापमानही. निफाडच्या थंडीत घेतलेल्या आकड्यावर मे महिन्यात भरवसा ठेवू नका. थर्मोस्टॅट पूर्ण उघडल्यावर हवा जेवढे अंश तापते, साधारण तेवढेच अंश पाणीही तापतं. म्हणून पाणी आणि हवा यांच्यातला फरक बघा.

अनेक ट्रॅकवर ग्लायकोलचं कूलंट चालत नाही, सांडलं की डांबर निसरडं होतं. साधं पाणी आणि गंजरोधक घालून चाचणी करा. आणि तोंडाला जाळी लावायला विसरू नका. पहिल्या महिन्यात माझ्या डक्टमधून मूठभर खडी, एक अख्खी बाभळीची फांदी आणि कुणाची तरी स्लिपर निघाली.