स्मार्ट घर स्लॅब टाकण्याआधी ठरतं: कोल्हापुरात बांधणाऱ्यांसाठी

स्मार्ट स्विच, कॅमेरे, डिजिटल कुलपं यांचा विषय बहुतेक घरांत फर्निचरवाला माप घ्यायला येतो तेव्हा निघतो. तोवर उशीर झालेला असतो. उपकरणं वास्तुशांतीच्या आदल्या आठवड्यात घेतली तरी चालतात. त्यांना लागणारे तारांचे पाइप, खोल बॉक्स आणि न्यूट्रलची (करंट परत नेणारी) तार मात्र स्लॅबच्या आणि भिंतींच्या पोटात आधीच गेलेली असावी लागते. म्हणून इथे क्रम बांधकामाचा आहे, खरेदीचा नाही.

प्लॉट, पूररेषा आणि माती

आधी पूररेषेचा नकाशा बघा. निळी रेषा वरचेवर येणाऱ्या पुराची, लाल रेषा क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाचा विचारच करू नका. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या प्लॉटवर अटी पाळून परवानगी मिळते, पण जोतं लाल रेषेच्या पातळीच्या वर घ्यावं लागतं आणि भरावाचा खर्च वाढतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. त्या दोन्ही वर्षी आपल्या गल्लीत पाणी कुठवर आलं होतं हे शेजाऱ्यांना विचारा आणि ती खूण आर्किटेक्टला लेव्हल काढून दाखवा. मीटर, मुख्य डीबी (घरभर वीज वाटणारा बोर्ड), इन्व्हर्टर आणि राउटर वगैरे ठेवायचं नेटवर्कचं कपाट त्या खुणेच्या वर जायला हवं. नेटवर्कचं कपाट तर सरळ पहिल्या मजल्यावर ठेवा.

नदीकडच्या भागात काळी माती खोल असते. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे फुटिंग (कॉलमचा पाया) तिच्यावर बसवायचं नाही. कडक मुरूम किंवा पाषाण लागेपर्यंत खाली जायचं. शेजाऱ्याला पाच फुटांवर मुरूम लागला म्हणून आपल्यालाही लागेल हा हिशेब फसतो, म्हणून प्लॉटच्या दोन-तीन कोपऱ्यांत चाचणी खड्डे घ्या आणि मातीचा अहवाल स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या हातात द्या. जोत्याच्या आत भराव मुरमाचाच हवा, २०० ते २५० मिमीच्या थरांत पाणी मारून दाबलेला. खोदलेली काळी माती परत आत ढकलली तर वर्षा-दोन वर्षांत फरशी बसते. शिरोली किंवा गोकुळ शिरगावकडून कुणी फौंड्रीची टाकाऊ काळी वाळू स्वस्तात देऊ केली, तर तिला काँक्रीटमध्ये आणि गिलाव्यात थारा देऊ नका.

एक मजली माडीच्या घराला सोयीचं वेळापत्रक असं: दसऱ्याला पायाखोदाई, संक्रांतीच्या आसपास जोतं, मृगाआधी वरचा स्लॅब. पावसाळ्यात मग आतली कामं निवांत होतात. पालिकेच्या हद्दीत जोतं झाल्यावर तपासणी करून घ्या. ती राहिली तर भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी अडतं.

काँक्रीट आणि सळई

जमिनीत गाडलेलं किंवा पावसाला तोंड देणारं आरसीसी असेल तर आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किमान एम २५ ही काँक्रीटची प्रत धरा: घनमीटरला किमान ३०० किलो सिमेंट आणि पाणी-सिमेंट प्रमाण जास्तीत जास्त ०.५०. १:१.५:३ (सिमेंट:वाळू:खडी) हे ठोकळ प्रमाण एम २० पर्यंतच चालतं. एम २५ साठी मिक्स डिझाइन (प्रयोगशाळेत ठरवलेलं प्रमाण) करून घ्यावं लागतं किंवा आरएमसी, म्हणजे प्लँटवरून तयार काँक्रीट, मागवावं लागतं. शिवाजी पेठेसारख्या अरुंद बोळांत आरएमसीची गाडी शिरत नाही. तिथे पंपाची नळी कुठून येणार हे आधी बघा, नाहीतर जागेवर मिक्सर लावा. जागेवर कालवताना वाळू-खडी फर्म्याने, म्हणजे ठरलेल्या मापाच्या खोक्याने, मोजा. घमेल्याचं माप माणसागणिक बदलतं.

१०० चौरस मीटरचा १२५ मिमी जाडीचा स्लॅब म्हणजे १२.५ घनमीटर. बीम धरून साधारण १७ घनमीटर होतात, म्हणजे ६ घनमीटरच्या तीन गाड्या. दोन गाड्यांच्या मध्ये फार वेळ गेला तर आधीचा थर घट्ट होऊन सांधा राहतो आणि पहिल्याच पावसात तो ओल दाखवतो. गाडी आली की कामगार हमखास म्हणतात, "जरा पाणी मारा, माल घट्ट आहे." मारू देऊ नका. काँक्रीट सरकत नसेल तर आरएमसीच्या माणसाकडून प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन) घालून घ्या. प्रत्येक स्लॅबला १५० मिमीचे क्यूब (त्याच काँक्रीटचे नमुना ठोकळे) भरा आणि २८ दिवसांनी प्रयोगशाळेत दाबून ताकद तपासून घ्या. क्यूब तुमच्या समोर भरलेले असावेत, कारण प्लँटवर भरलेले क्यूब नेहमीच पास होतात.

कोल्हापूर भूकंपाच्या झोन ३ मध्ये धरलं जातं आणि कोयना काही लांब नाही. कॉलम-बीमच्या रिंगांचे हूक १३५ अंशांत आत वळलेले आणि हुकाची शेपटी किमान ६५ मिमी हवी. ९० अंशांत दुमडलेली रिंग हादऱ्यात उघडते. कॉलमच्या वरच्या-खालच्या टोकांना रिंगा जवळजवळ हव्यात. सळई आणि शटरिंगमध्ये अंतर राखणारे कव्हर ब्लॉक सिमेंटचे घ्या: फुटिंगला ५० मिमी, कॉलमला ४०, स्लॅबला २० ते २५. खडीचे तुकडे सळईखाली सारून भागवणारा सेंटरिंगवाला असेल तर त्याच दिवशी थांबवा.

पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर किमान १० दिवस पाणी मारायचं, मार्च-एप्रिलच्या उन्हात १४ दिवस. स्लॅबवर सिमेंट-वाळूच्या मसाल्याची आळी बांधून पाणी तुंबवणं सगळ्यात खात्रीचं. साध्या ओपीसी सिमेंटला साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू ७ दिवसांनी निघतात (पीपीसीला किती दिवस, ते इंजिनिअरला विचारा), त्यापुढच्या गाळ्याचे १४ दिवसांनी. बीमखालचे ६ मीटरपर्यंत १४ आणि पुढे २१ दिवस राहू द्या.

स्लॅब टाकायच्या आदल्या दिवशी

या दिवसाला जास्तीत जास्त वेळ द्या. सळई बांधून झाली की वायरमन वर चढतो आणि दोन-तीन तासांत पाइप टाकून मोकळा होतो. पुढच्या तीस वर्षांचं स्मार्ट घर त्या दोन-तीन तासांत ठरतं.

पाइप २५ मिमीचा, आयएसआय शिक्क्याचा, जाड भिंतीचा घ्या. तो खालच्या आणि वरच्या सळईच्या मधून जायला हवा. शटरिंगवर टेकलेला पाइप पुढे छताला सरळ रेषेत चीर देतो. तीन पाइप एकमेकांवर चढले की १२५ मिमीच्या स्लॅबमध्ये काँक्रीटला जागाच उरत नाही, म्हणून आखणी कागदावर करून एकमेकांना ओलांडणारे पाइप कमी करा. डीबीच्या वर सगळे पाइप एका मुठीत येतात. तिथे दोन पाइपांमध्ये किमान २५ मिमी फट ठेवा. वळणाला एल्बो वापरला तर तार ओढताना अडकते, मोठ्या त्रिज्येचा बेंड लावा. प्रत्येक सांध्याला सॉल्व्हंट सिमेंट हवंच. नुसता दाबून बसवलेला सांधा व्हायब्रेटरने सुटतो, आत स्लरी जाते आणि तो पाइप कायमचा बंद होतो. टोकांना टोपण लावून टेप गुंडाळा.

काँक्रीट ओतताना वायरमनला वर उभं राहायला लावा. पंपाची नळी धरलेला माणूस पाइपावर पाय देतोच, आणि सुटलेला सांधा तेव्हाच दिसतो. ओतण्याआधी मापपट्टी ठेवून पूर्ण जाळीचे फोटो काढा. पुढे सौर पॅनेलसाठी किंवा फॉल्स सीलिंगसाठी ड्रिल करताना हेच फोटो कामाला येतात.

डेटाचे पाइप विजेपेक्षा वेगळे आणि वेगळ्या रंगाचे ठेवा. समांतर जात असतील तर ३०० मिमी अंतर ठेवा, छेद द्यायचा तर काटकोनात. एका २५ मिमी पाइपात कॅट ६ च्या (नेटवर्कच्या) दोनच तारा ओढा. नेटवर्कच्या कपाटापासून प्रत्येक मजल्याच्या छताच्या मध्यभागी एक पॉइंट, टीव्हीमागे एक, बाहेरच्या प्रत्येक कॅमेऱ्याला एक आणि गेटकडे एक लागतो. सळईच्या जाळीतून वायफाय नीट उतरत नाही. तळमजल्यावरच्या राउटरच्या भरवशावर माडीवरचं कुलूप आणि कॅमेरा चालवू नका. प्रत्येक मजल्याला स्वतःचा ॲक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारं यंत्र) द्या.

भिंतीतली वायरिंग

आपल्याकडे स्विचच्या बॉक्समध्ये फेज येतो आणि दिव्याकडे तार जाते. न्यूट्रल वरच्या वर दिव्याला जोडलेला असतो. बहुतेक स्मार्ट स्विचना बॉक्समध्येच न्यूट्रल लागतो. बिनन्यूट्रलचे स्विच मिळतात, पण त्यांवर कमी वॅटचे एलईडी दिवे बंद केल्यावरही मिणमिणत राहतात. कोटेशनमध्ये स्पष्ट लिहून घ्या: प्रत्येक स्विच बॉक्समध्ये न्यूट्रल, बॉक्सची खोली किमान ५० मिमी. उथळ बॉक्समध्ये स्विचमागे स्मार्ट मोड्युल मावत नाही.

इथेच सगळ्यात छळणारी चूक होते. वायरमन जवळच्या दुसऱ्या सर्किटमधून न्यूट्रल उचलतो. दिवा लागतो, सगळे खूश. पुढे दोन सर्किटना वेगवेगळी ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंटची गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसली की ती विनाकारण पडायला लागते, कारण एकीतून गेलेला करंट दुसरीतून परततो. मग वायरमन आरसीसीबीलाच दोष देऊन ती काढून टाकायला सांगतो. प्रत्येक सर्किटचा न्यूट्रल त्याचाच असावा आणि डीबीत त्यावर फेजचाच नंबर असावा.

दिव्यांना १.५ चौरस मिमी, पॉवर सॉकेटला २.५, एसी आणि गीझरला ४ चौरस मिमी तार. डीबीत किमान ८ एमसीबींची (सर्किट तोडणाऱ्या स्विचची) जागा रिकामी ठेवा आणि टाइप २ सर्ज प्रोटेक्टर (अचानक वाढलेल्या दाबापासून वाचवणारं उपकरण) बसवा. वळवाच्या पावसात वीज कडाडते तेव्हा स्मार्ट उपकरणंच आधी जातात. राउटर, हब, कॅमेरे आणि पंख्यांचं सर्किट इन्व्हर्टरवर वेगळं काढा. राउटर बंद पडला की निम्मं स्मार्ट घर झोपतं, म्हणून इंटरनेटशिवायही घरातल्या घरात चालणारा हब (सगळी स्मार्ट उपकरणं जोडणारं यंत्र) निवडा.

झिरी पाडायची तर विटांच्या भिंतीत, कटर लावून. कॉलम आणि बीममध्ये छिन्नी लावू द्यायची नाही, मग वायरमन कितीही ओळखीचा असो.

उपकरणं निवडताना

पाण्याची मोटर साध्या स्मार्ट प्लगवर चालवू नका. १ एचपीची मोटर चालताना ५-६ अँपिअर घेते, पण सुरू होताना त्याच्या कितीतरी पट ओढते आणि प्लगमधली रिले चिकटते. मग ॲपवर "बंद" दिसतं आणि गच्चीवरून पाणी वाहत असतं. मोटरला कॉन्टॅक्टर (जास्त करंट झेलणारा स्विच) द्या, दोन्ही टाक्यांत पाण्याची पातळी कळवणारे तारेचे फ्लोट आणि कोरडी चालण्यापासून संरक्षण द्या. वायफाय फक्त बघण्यापुरतं. फ्लोटच्या तारेसाठी खालच्या टाकीपासून गच्चीपर्यंत एक रिकामा पाइप आधीच टाका.

एलपीजी हवेपेक्षा जड असतो, म्हणून गॅसचा सेन्सर जमिनीपासून साधारण ३० सेंमीवर हवा. छताजवळ लावलेला सेन्सर गळती उशिरा पकडतो. गळती झाली की एक्झॉस्ट आपोआप सुरू करण्याची सेटिंग टाळा, स्विचची ठिणगी तेवढी पुरते. सेन्सरने भोंगा वाजवावा आणि गॅसचा व्हॉल्व्ह बंद करावा.

बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे स्मार्ट रेग्युलेटरवर जोडले तर त्यांचा ड्राइव्ह, म्हणजे आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट, जळू शकतो. त्यांना साधा ऑन-ऑफ स्विच पुरे.

डिजिटल कुलूप घेताना किल्लीची सोय असलेलंच घ्या. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत लाकडी दार फुगतं, बोल्ट अडकतो आणि मोटर जोर लावून बॅटरी संपवते. दार-चौकटीत ३ मिमी फट ठेवा आणि दाराच्या कडांनाही पॉलिश मारा.

गच्ची, छज्जे आणि सौर पॅनेल

चौकोनी खोक्यासारखं, छज्जा नसलेलं एलिव्हेशन चित्रात देखणं दिसतं. इथला पाऊस पश्चिमेकडून तिरका झोडपतो. त्या बाजूच्या खिडक्यांना निदान ६०० मिमी छज्जा आणि त्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच नसेल तर भिंत ओली होते आणि तिथल्या स्विच बॉक्समध्ये गंज चढतो.

गच्चीला १०० ला १ उतार द्या. १०० चौरस मीटरला ११० मिमीचे निदान दोन पाइप असू द्या, एक पालापाचोळ्याने तुंबला तरी दुसरा चालतो. वॉटरप्रूफिंगनंतर ४८ तास पाणी साठवून खालून बघा, मगच टाइल्स. सौर पॅनेलच्या स्टँडसाठी काँक्रीटचे पेडेस्टल वॉटरप्रूफिंगच्या आधी करून घ्या, नंतर ड्रिल केलेला प्रत्येक बोल्ट गळतीची जागा ठरतो. एका किलोवॉटला साधारण १० चौरस मीटर बिनसावलीची जागा लागते. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉट आणि त्यापुढे ७८,००० रुपये अनुदान आहे. साधी ऑनग्रिड (महावितरणच्या लाइनला जोडलेली, बिनबॅटरीची) यंत्रणा महावितरणची वीज गेली की स्वतःही बंद होते. उजेड हवा असेल तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर घ्या आणि गच्चीपासून डीबीपर्यंत ३२ मिमीचा वेगळा पाइप आत्ताच सोडा.

काम संपताना वायरमनकडून तीन गोष्टी घेतल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका: डीबीतल्या प्रत्येक एमसीबीवर सर्किटचं नाव, गिलाव्याआधीचे सगळ्या भिंतींचे मापांसह फोटो आणि हब, राउटर, कॅमेरे यांची मुख्य खाती तुमच्या मोबाइल नंबरवर. खातं इन्स्टॉलरच्या नंबरवर राहिलं, तर पुढे पासवर्ड बदलायलाही त्याचीच वाट बघावी लागते.