फिरत्या कॅमेऱ्याची आरएस-४८५ जोडणी कशी करावी

चोपडा-धरणगावकडच्या जिनिंगमध्ये हंगामात आवारभर कापसाचे ढीग लागलेले असतात. एका ठिणगीची भीती असते, म्हणून मालक फिरता, म्हणजे पीटीझेड कॅमेरा बसवून घेतात. चित्र लगेच दिसतं, पण बटण दाबलं तरी कॅमेरा जागचा हलत नाही. ॲनालॉग कॅमेऱ्यात चित्र कोॲक्सिअल केबलमधून येतं आणि फिरण्याचा हुकूम बहुतेक वेळा आरएस-४८५ या दोन तारांच्या सिरीयल लाईनवरून जातो. ती लाईन नीट जोडा.

सुरुवात तारेपासून करा. पिळाची जोडी लागते. कॅट-६ केबलमधली निळी आणि निळी-पांढरी ही एक जोडी पुरे. कमी वेगाला ही लाईन १२०० मीटरपर्यंत जाते. जिनिंगच्या मोटारींच्या केबलबरोबर एकाच पाईपातून मात्र ती नेऊ नका, हुकूम मधेच बिघडतात.

तार एका कॅमेऱ्याकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे अशी ओळीनं न्या. डीव्हीआरपासून (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारी आणि त्यांना हुकूम देणारी पेटी) प्रत्येक खांबाला वेगळा फाटा काढायची सवय इथल्या बऱ्याच वायरमनला आहे. वीज अशी चालते, डेटा चालत नाही. फाट्यांच्या टोकांवरून सिग्नल परत उसळतो. ओळीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर लावा, मधल्या कॅमेऱ्यांना नको. लावल्यावर सगळं बंद करून मल्टिमीटरनं दोन तारांमधला रोध मोजा. साधारण ६० ओहम दिसला तर दोन्ही टोकं बरोबर आहेत. १२० दिसला तर एक रेझिस्टर राहिलाय किंवा तार कुठेतरी तुटलीय.

डीव्हीआरचं ए टर्मिनल कॅमेऱ्याच्या ए-ला जोडा, बी बी-ला. काही कंपन्यांची खूण उलटी असते. कॅमेरा गप्प राहिला तर दोन तारा अदलून बघा, त्यानं काही जळत नाही.

आता पत्ता, म्हणजे हुकूम कोणत्या कॅमेऱ्यासाठी आहे ते सांगणारा क्रमांक. कॅमेऱ्याच्या आत छोटे डिप स्विच असतात आणि त्यांची किंमत १, २, ४, ८ अशी दुपटीनं वाढते. पत्ता ५ हवा तर पहिला आणि तिसरा स्विच चालू करा. दोन कॅमेऱ्यांना एकच पत्ता दिला तर दोघं एकदम फिरतील. मग डीव्हीआरच्या पीटीझेड सेटिंगमध्ये तोच पत्ता, प्रोटोकॉल म्हणजे हुकमांची भाषा (बहुधा पेल्को-डी), बॉड रेट म्हणजे डेटाचा वेग (बहुधा २४००), ८ डेटा बिट, १ स्टॉप बिट आणि पॅरिटी नाही, असं भरा. कॅमेऱ्यावर आणि डीव्हीआरवर यातली प्रत्येक गोष्ट तंतोतंत सारखी हवी.

तरीही हलला नाही, तर दोष डीव्हीआरचा की तारेचा हे ठरवा. लॅपटॉपला यूएसबी ते आरएस-४८५ कन्व्हर्टर लावा, डीव्हीआरकडच्या दोन तारा काढून त्याला जोडा, टर्मिनल प्रोग्रामचा बॉड रेट २४०० ठेवा आणि हेक्समध्ये (सोळाच्या आधाराच्या अंकपद्धतीत) पाठवा: एफएफ ०१ ०० ०४ २० ०० २५. पहिल्या पत्त्याचा कॅमेरा डावीकडे फिरायला लागेल. शेवटचा २५ हा मधल्या पाच आकड्यांची हेक्स बेरीज. ती चुकली तर कॅमेरा हुकूम मानत नाही. थांबवायला एफएफ ०१ ०० ०० ०० ०० ०१. यावर कॅमेरा हलला तर तार ठीक आहे, डीव्हीआरची सेटिंग पुन्हा तपासा.

मे-जूनच्या वळवात विजा कडाडतात. उंच खांबावरच्या लाईनला दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक आलेला झटका अडवणारं उपकरण) लावा आणि त्याचं अर्थिंग पक्कं करून घ्या.