पाणवनस्पतींचा ‘जीन बदलला’ म्हणण्याआधी या चुका टाळा

दरवर्षी प्रोजेक्टची पोरं येतात, मोबाईलमध्ये फोटो अन् निकाल आधीच ठरलेला. “सर, या तलावातल्या झाडात जनुकीय बदल झालाय.” काऊन बाप्पा, तुला कसं समजलं? “पानं वेगळी दिसतात नं.”

मीही यात आपटलोय. एमएस्सीला असताना नागपूरच्या अंबाझरी तलावातून जलपर्णी आणली, गच्च दाटीतली, देठ लांबसडक. दुसरी घराजवळच्या डबक्यातली, मोकळ्या पाण्यात सुटी वाढलेली, देठ फुग्यासारखे. मी ठोकून दिलं, दोन जागा, दोन जनुकीय प्रकार! मॅडम काही बोलल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, दोन्ही एकाच पाण्यात वाढव अन् मग ये. घरी जुन्या कूलरची टाकी पडून होती, त्यात शेण कालवून दोन्ही सोडल्या, दाटी झाली की उपटत राहिलो, अन् फुटव्यांना जे देठ आले ते सगळेच्या सगळे फुगीर. दाटीत उजेडासाठी देठ उंच गेले होते, बाकी काही नाही. तेव्हापासून आणलेल्या झाडाची पानं मी मोजतच नाही, फुटव्यांची मोजतो. महिना-दोन महिने जातात, घाई असेल त्यानं दुसरा विषय घ्यावा.

हायड्रिला, म्हणजे पाण्याखाली वाढणारं तण, तर त्याहून लबाड. पाण्यातला कार्बन डायऑक्साइड कमी झाला की त्याच पेशींत कार्बन पकडायची नेहमीची सी-३ पद्धत सोडून, कमी कार्बनमध्येही चालणारी सी-४ पद्धत धरतो, जीन तेच, फक्त वेगळे चालू होतात.

“औषध (तणनाशक) टाकलं म्हणून जीन बदलला” हेही लिहू नका. अमेरिकेत फ्लोरिडात याच हायड्रिलावर फ्लुरिडोन नावाचं तणनाशक वर्षानुवर्षे मारलं, अन् ते ज्या एन्झाइमवर घाव घालतं त्याच्या पीडीएस जीनमध्ये, ३०४व्या कोडॉनवर (तीन अक्षरी सांकेतिक शब्दावर) बदल असलेली झाडं तगली, २००४ मध्ये ते छापून आलं. तिथं नुसती मादी झाडं, बी नाहीच, म्हणजे बदल वाढत्या अंगात आपसूक झालेला, औषधानं फक्त बाकीची मारली.

पाण्यावरच्या एकाच गालिच्यातली दहा झाडं बहुतेक एकच क्लोन, म्हणजे एकाच झाडाच्या नकला, असतात, दहा सँपल म्हणू नका.

डीएनए तपासायचा असेल तर पान आधी नीट धुवा, नाहीतर शेवाळाचा डीएनए वाचत बसाल. अन् ओली पानं पिशवीत कोंबून डिक्कीत, तेही आपल्या मे महिन्यात? पानं सुकवायला सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) घ्या की.

उरलेली जलपर्णी नाल्यात फेकू नका, गच्चीवर कडक वाळवा. अन् टाकीत सोडताना फुटव्यांना रंगीत दोरा बांधा, माझ्या टाकीत शेवटी शेवटी अंबाझरीची कोणती अन् डबक्यातली कोणती, मलाच कळेना.