घोडं म्हणजे बैल नव्हे: पहिल्यांदा घोडी घेताना या चुका टाळा

तुळशीचं लग्न लागलं की विदर्भात गावोगावी नवरदेवाच्या घोडीला मागणी येते. दोन सीझनमध्ये पैसे वसूल, असा हिशेब मांडून लोक दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जातात आणि जनावर घेऊन येतात. घोडं २५ वर्षं जगतं, हे त्या हिशेबात कुठंच नसतं.

बाजारात भोवरे बघतात, पंचकल्याणी, म्हणजे चारी पाय आणि तोंड पांढरं, आहे का बघतात. खूर उचलून कोणी बघत नाही. कडक जमिनीवर दुडकी चालवून बघा, लंगडतं का ते कळेल. दातांवरून वय ओळखणारा माणूस सोबत न्या. ग्लँडर्सची रक्ततपासणी झाल्याशिवाय इसार देऊ नका; हा रोग माणसालाही होतो आणि बाधित घोड्याला कायद्यानं मारावंच लागतं.

खरी गडबड गोठ्यात होते. बैलांसोबत बांधलं, बैलांचंच कुटार आणि ढेप पुढं टाकली, झालं! बैल एकदा खाऊन रात्रभर रवंथ करतो. घोडं रवंथ करत नाही, त्याचं जठर लहान, त्याला दिवसभर थोडं थोडं चरायला लागतं. साडेतीनशे किलोच्या घोडीला रोज सहा-सात किलो कोरडा चारा द्या आणि खुराक दोन-तीन वेळा विभागून. चारा बदलायचा तर आठ-दहा दिवस घेऊन बदला. पावसात भिजून बुरशी लागलेलं सोयाबीनचं कुटार तर अजिबात नको.

आमची पहिली घोडी वरातीहून आली, टोपलंभर चणे एकदम खाल्ले आणि पहाटे लोळायला लागली. शेजारचे काका म्हणाले, "थकली असन, लोयू दे तिले." मीही ऐकलं. ती मान वळवून पोटाकडे बघत होती, पाय आपटत होती, लीद बंद होती. हा पोटशूळ. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळं आत साचलेलं तोंडावाटे बाहेर येत नाही. अशा वेळी बैलाला पाजतात तसं बांबूच्या नळीनं तेल ओतू नका. ते फुप्फुसात गेलं तर जनावर हातचं जातं. दाणा बंद करा आणि डॉक्टरला लगेच बोलवा. आमची वाचली, पण डॉक्टर येईस्तोवर दुपार झाली होती.

खूर दर सहा-आठ आठवड्यांनी तासावे लागतात. बैलाला नाल ठोकणारा गावात असतो, घोड्याचा नालबंद शोधावा लागतो. शोधावा लागणारच: २०१९ च्या पशुगणनेत देशात घोडे-तट्टं मिळून साडेतीन लाखांच्या आत उरली होती, सात वर्षांत जवळजवळ निम्मी. जनावर घेण्याआधी नालबंद ठरवा आणि घोड्याला धनुर्वाताची लस टोचून घ्या. खुरात खिळा गेला की घोड्याला धनुर्वात फार लवकर धरतो.

आणि नकोसं झालं तर? म्हाताऱ्या, लंगड्या घोडीला गिऱ्हाईक नसतं. मग कोणी रात्री हायवेला सोडून देतं. भुकेनं-तहानेनं हाल होतील अशा स्थितीत जनावर सोडणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. त्यापेक्षा वाईट म्हणजे "शिंगरू विकून पैसे काढू" म्हणत तिला फळवणं: अकरा महिने वाट बघायची आणि शेवटी दारात दोन जनावरं. विकायचीच तर घोडी धडधाकट असताना विका, आणि दिवाळीच्या आधी. आषाढात कोणी विचारत नाही.