वजनकाटा नसेल तर वाटीचं माप

रेसिपीत ग्रॅम लिहिलेत आणि घरात काटा नाही? रव्याचं, साखरेचं अर्धा किलोचं पाकीट फोडाल तेव्हा रोजच्या वाटीने सपाट मोजत डब्यात ओता. चार वाट्या भरल्या तर एक वाटी १२५ ग्रॅम. आकडा झाकणावर चिकटवून टाका.

मात्र साखरेचा आकडा मैद्याला चालत नाही. २४० मिलीच्या कपात साखर साधारण २०० ग्रॅम मावते, मैदा जेमतेम १२०-१२५. तोही चमच्याने अलगद भरून सुरीने सपाट केला तर. दाबून, ठोकून भरला की सहज १५० वर जातो आणि केक घट्ट होतो. बेसनाचंही तेच, चाळण्याआधी आणि चाळल्यावर वाटी वेगळी. पाणी सोपं: १०० मिली म्हणजे १०० ग्रॅम. तेल त्याहून थोडं हलकं, ९२च्या आसपास.