हिपॅटायटिस बी: अँटिबॉडीचा रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एखाद्या लॅबमधून रिपोर्ट हाती येतो, त्यावर ‘अँटी-एचबीसी टोटल: रिॲक्टिव्ह’ असे छापलेले असते आणि घरातले कोणीतरी हमखास म्हणते, “अँटिबॉडी तयार झाल्या, आता काळजी मिटली.” सर्वांत महागात पडणारा गैरसमज हाच. अँटी-एचबीसी ही हिपॅटायटिस बी या यकृताच्या आजाराच्या विषाणूच्या गाभ्यातील प्रथिनाविरुद्धची अँटिबॉडी असून ती संसर्ग झाल्याची खूण आहे, संरक्षणाची नव्हे. संरक्षण देते ती पृष्ठभागावरील प्रथिनाविरुद्धची अँटी-एचबीएस, आणि जुनाट आजारात नेमकी तीच सहसा सापडत नाही.

याचा अर्थ ‘प्रतिकारशक्ती कमी पडली’ असा लावून काढे आणि टॉनिक सुरू करणे ही दुसरी चूक. जुनाट आजाराच्या याच रुग्णाच्या बी पेशी (अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी) गाभ्याविरुद्ध भरपूर अँटिबॉडी बनवत असतात. पृष्ठभागाचे प्रथिन ओळखणाऱ्या बी पेशीही रक्तात असतात, हे 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले. मात्र विषाणू पूर्ण कणांच्या हजारो पटींनी याच प्रथिनाचे पोकळ कण रक्तात सोडत राहतो आणि या सततच्या माऱ्यात त्या पेशींवर पीडी-1 या काम रोखणाऱ्या प्रथिनासारखे लगाम चढून त्यांचे काम मंदावते. काढ्याने हे लगाम सुटल्याचा पुरावा नाही.

एचबीएसएजी (विषाणूच्या पृष्ठभागाचे प्रथिन, म्हणजे चालू संसर्गाची खूण) आणि अँटी-एचबीएस दोन्ही पॉझिटिव्ह आले, तर लॅबने घोळ घातला असे लगेच ठरवू नये. काही जुनाट रुग्णांत दोन्ही एकत्र आढळतात. उपचाराचा निर्णय विषाणूचा डीएनए, एएलटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारे एन्झाइम) आणि यकृताची स्थिती पाहून होतो.

एचबीएसएजी सहा महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या रुग्णाला लस देऊन उपयोग नसतो. लस घ्यायची ती तपासणी करून घरच्यांनी. राष्ट्रीय हिपॅटायटिस कार्यक्रमात तपासणी आणि औषधे मोफत आहेत. त्याची चौकशी कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात करावी. टेनोफोविर किंवा एन्टेकाविर हे विषाणू दाबणारे औषध चालू असेल, तर एएलटी नॉर्मल आले म्हणून ते परस्पर बंद करू नये.

शेवटची चूक, म्हणजे जुना रिपोर्ट डॉक्टरांना न दाखवणे, क्वचित घडते, पण जिवावर बेतू शकते. रक्ताच्या कॅन्सरसाठी किंवा संधिवातासाठी रिटुक्सिमॅब दिले जाते, आणि ते बी पेशीच कमी करते. एचबीएसएजी निगेटिव्ह असूनही अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह असलेल्या माणसात यकृतात दबून असलेला विषाणू अशा वेळी उसळू शकतो. म्हणून जुना रिपोर्ट फाईलमध्ये ठेवावा आणि पहिल्या डोसपूर्वी डॉक्टरांना दाखवावा.